कोंबडीची काडी

प्रयोगशाळेतला माझा मदतनीस सुपोत, त्यानं सकाळीच चाकूंचा ट्रे मांडून ठेवला, तोही मुद्दाम माझ्या डोळ्यांसमोर. नऊ नंबरच्या हॅमस्टरचं यकृत बाराच्या आत एमआरआयवर नीट दिसलं नाही, तर कापूनच बघायचं, असं आमच्या विरोत सरांनी ठरवलं होतं; प्राध्यापकांना आम्ही 'आचान' म्हणतो. आमच्याकडे आजवर तेच चालत आलंय. कच्च्या माशातून पोटात गेलेला कृमी पित्तनळीत कर्करोग कसा रुजवतो, हे बघायला दर महिन्याला नवा प्राणी मारायचा. माझा थोरला भाऊ त्याच कर्करोगानं गेला. दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून तो जिवंत प्राण्यातच, वेळेत दिसायला हवा, या हट्टाला मी पेटले होते.

एमआरआय यंत्राबरोबर आलेली, अंगाभोवती बसवून आतले संकेत टिपणारी कॉइल मोठ्या प्राण्यांची. तिच्यात हॅमस्टर म्हणजे हंड्यात वाटाणा. मी त्याच्या पोटाच्या बेताची, तांब्याच्या पट्टीची नवी कॉइल केली. चाचणीला ठेवलेल्या मिठाच्या पाण्याच्या बाटलीवर ती रेडिओच्या स्टेशनासारखी झकास जुळली. झोपवलेला हॅमस्टर आत गेला आणि सगळं बिनसलं.

"ताई, बाटली श्वास घेत नाही," सुपोत म्हणाला.

"आणि तू तोंड मिटत नाहीस."

आता कॉइल जुळवायचा बारका स्क्रू प्राणी आत असतानाच फिरवायला हवा होता. तिथवर हात पोचेना, आणि लोखंडी पेचकस नेला तर चुंबकानं हिसकावून घेतला असता. प्लॅस्टिकची दांडी घातली, ती पिळवटली. साडेअकरा झाले. बाहेरच्या खोलीत आचान घड्याळ बघत भाजलेली कोंबडी खात होते. भाजताना जिच्यात कोंबडी धरतात ती हातभर बांबूची काडी त्यांच्या पुढ्यात पडली होती. मी ती उचलली, धुतली, पुसली आणि टोक पेचकसासारखं तासलं.

"लम्दुआन, हे काय चाललंय?"

"तुम्ही जेवण आटपा, आचान."

मी काडी फिरवत होते, सुपोत पडद्यावरची रेषा बघून सांगत होता, "अजून. अजून थोडी. मागे घे, केसभर. बस, आता हात लावू नकोस."

दहा मिनिटांत चित्र आलं. यकृत उमटलं, नळ्या उमटल्या, आणि एका नळीच्या काठाला तांदळाच्या कणीएवढा डाग.

"इतका लहान असताना तो आपण कधी बघितलाच नाही," आचान म्हणाले. "आणि तोही जिवंत प्राण्यात." मला रडू आलं. मी लपवलं नाही.

सुपोत चाकूंचा ट्रे कपाटात ठेवून आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी उभा राहिला.

"ताई, नऊ नंबरला पुढच्या महिन्यात कधी आणू?"

त्या खोलीत आजवर एकाही प्राण्याला दुसरी तारीख मिळाली नव्हती.

"पहिल्या सोमवारी लिही," मी म्हटलं. "ठळक लिही."