खालून पाहिलेलं गाव

कंपनीचं पत्र धरणगावला आलं तेव्हा मंदाबाई पापड लाटत होती. अठ्ठ्याऐंशी साल होतं. पिपरटोल्याची कोळशाची खाण बंद होऊन तिचं तिथलं गाव उठलं त्याला नऊ वर्षं झाली होती. घरं पाडली, शाळेची कौलं कोणी कोणी नेली, उरलं ते रान. आता तिथे वरूनच खोदून उघडी खाण होणार होती. कुणाचं माणूस तिथे पुरलेलं असेल तर नकाशावर जागा दाखवा, तिथली माती वेगळी काढून नव्या जागी ठेवू. एका घराने एकच जागा दाखवावी. मुदत सोमवारपर्यंत.

मंदाबाईची पाच महिन्यांची पोर तिथे होती. पुरायला बायका जात नाहीत, म्हणून तिने ओट्यावरूनच माणसं कडुनिंबाकडे जाताना पाहिली होती. त्याच खाणीत राबणाऱ्या नवऱ्याने, आधारने, पोर हातांत नेली, रिकाम्या हातांनी तो परत आला, आणि मरेपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

तिने स्वतः नकाशा काढला, कडुनिंबाखाली खूण केली. तरी खात्री हवी म्हणून दिराला, जीवरामला, बोलावलं. त्यानेही आपला काढला. दोन्ही शेजारी ठेवले तर दोन वेगळीच गावं.

"भाऊजी, खाणीच्या तोंडातून निघालं की शाळा डाव्या हाताला व्हती. तुम्ही उजवीकडे कशी नेली?"

"आठेच शे शाळा." त्याने कागदावर बोट ठेवलं.

"बाजार? तो बी पलटी मारी गया का?"

"वयनी, बठ्ठं बरोबर शे. पावलं मोजेल शेत मी."

मंदाबाईचं डोकं फिरलं. सतरा वर्षं ज्या गावात पाणी भरलं, ते आपल्याला उलटं आठवतं की काय? तिने जीवरामला परत काढायला लावलं. तो काढू लागला आणि दर रेघेला मान वर करून आढ्याकडे बघू लागला.

"वर काय शे?"

"गाव," तो म्हणाला. "मी चौदा वरीस गावना खालेच राबनू. खाणनी चौथ्या गल्लीवर शाळा, सहावीवर बाजार. पक्कं शे का ते देखाले छत ठोकता ठोकता तेच ध्यानात ऱ्हायनं."

मंदाबाईने त्याचा कागद उचलला, गावाची बाजू पुढे करून डोक्यावर पालथा धरला आणि खालून पाहिला. शाळा डावीकडे आली. बाजार आला. तिचं घरही आलं. कडुनिंब मात्र नव्हता. तो असायला हवा त्या जागेपासून दोन बोटांवर एक काळा चौकोन होता.

"हाई काय?"

जीवरामने कागद हातात घेतला. मग म्हणाला, कोळसा काढताना छताला आधार म्हणून खांब सोडतात, शेवटी तेही काढून घेतात, मग वरची जमीन खचते. बाकीचे सगळे काढले. हा राहिला.

"दादानी छत ठोकं नि मुकादमले सांगं, आठे छत खराब शे, हात लावू नका. पन छत पोलादनं मायक पक्कं व्हतं, वयनी. मी बी ठोकेल व्हतं."

"तुम्ही बोलले नाहीत?"

"दादा रडत व्हता. काय बोलू?"

मंदाबाई पुन्हा कागदाकडे बघत बसली. कागदावरची दोन बोटं म्हणजे जमिनीवर वीसेक पावलं. खरं कोणाचं? तिने डोळ्यांत पाणी असताना लांबून पाहिलं होतं. आधारने स्वतःच्या हाताने पुरलं होतं, पण नंतर अंधारात, जमिनीखालून अंदाज बांधला होता. कोणाचाही चुकला असेल. दोघांचाही. आणि विचारायचं कोणाला, तर तो फोटोत बसलेला, तिथेही तोंड मिटूनच.

बाहेर टपाल निघायची वेळ होत आली. जीवरामला सुलटा नकाशा काढायला सांगितलं तर तो तिसऱ्या गल्लीतच हरवला. शेवटी तिने आपला कागद घडी करून पापडांच्या डब्याखाली ठेवला. दिराच्या कागदावर काळ्या चौकोनाभोवती गोल केला आणि खाली सावकाश अक्षरात लिहिलं:

'साहेब, हा नकाशा डोक्यावर धरून खालून पाहावा. आमच्या घरच्यांनी जागा खालूनच राखली होती.'