कोन

पान्याने नट सैल करून तिने आरशाची चौकट किंचित खाली झुकवली. गॅरेजच्या छतावरून आईच्या खिडकीचा फक्त वरचा भाग दिसत होता. आत पलंगावर ऊन कुठे पडतंय, हे कळायला मार्ग नव्हता.

"आलं का गं?" ती ओरडली.

"कपाटावर आलंय. कपाटाला कुठे संधिवात आहे?"

बाबा गेल्यापासून आई पलंगावरून उतरली नव्हती. त्या खोलीत थेट ऊन कधीच यायचं नाही. सकाळी या आरशातून आलेल्या उन्हात गुडघे शेकले, की मगच ती पाय खाली टेकवायची. डॉक्टर सांगून गेले होते, आता चालली नाही तर पाय कायमचे आखडतील.

आरसा बाबांनी बसवला होता. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. मीटर वाचायला आलेल्यालाही छतावर नेऊन फ्लक्स समजावायचा. पुस्तकात त्याला अभिवाह म्हणतात, पण बाबा सोपं करून सांगायचे. "नुसतं ऊन किती, असं विचारू नका. किती जागेवर पडतंय, ते विचारा. आणि ती जागा उन्हाला सामोरी आहे की अंग चोरून बसलीय, तेही बघा. ऊन तेच, जागा तीच. तिरकी झाली, की पदरात कमी पडतं." तो मीटरवाला मान डोलावायचा. आणि खरंच, त्याला ते समजलेलं असायचं.

तिने चौकट आणखी वळवली.

"आता?"

"आलं! अगदी छान. उतर आता, भोवळ येईल."

ती खाली आली. ऊन पलंगावर होतं खरं, पण लांबट, पातळ, कडेने सरपटत गेलेलं. चादरीखाली उभे धरलेले आईचे गुडघे जेमतेम उजळले होते. तिने हात ठेवून पाहिला. गारच.

"आई, हे छान?"

"मग काय सांगू? ते तर तासभर खटपट करायचे वर, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. शेवटी मीच म्हणायचे, आलं."

"आणि त्यांना कळायचं नाही?"

"फिजिक्सच्या मास्तरांना?" आई पहिल्यांदाच हसली. "खाली येऊन बघायचे. एका शब्दानं बोलायचे नाहीत. पलंगाच्या चाकांची खीळ काढायचे आणि पायाकडची बाजू खिडकीकडे फिरवायचे. एकदा मी विचारलं, मग रोज वर कशाला तडफडता? तर म्हणाले, कोन दोघांमधला असतो. कुणीही वळलं तरी फ्लक्सला चालतं."

वाकून तिने चाकांच्या खिळी काढल्या आणि पलंग हळूहळू फिरवत नेला. पातळ पट्टा आखडला, दाट झाला, आईच्या नडग्यांवर येऊन थांबला.

गुडघे चांगले शेकून निघाले. मग आईने चादर बाजूला सारली.

"हात दे," ती म्हणाली.