दसऱ्याची भवानी

गोदाकाठच्या फूलबाजारात जागेला कागद नसतो. दसऱ्याच्या सकाळी जो ज्या जागेवर बसून भवानी करतो, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक करतो, त्याची ती जागा वर्षभर.

गेल्या दसऱ्याला तिथं फुलं विकणाऱ्या भागुबाईचा खुबा मोडलेला. खाटेवरून ती मुलाला म्हणाली, "जीवन, एक दिवस जाऊन बस रे." दुसऱ्या दिवशी त्याचा बी.कॉम.चा राहिलेला पेपर होता. तो गेला नाही. जागेवर दुसराच फूलवाला, पुंजा, बसला.

जीवन पास झाला तेव्हा वयाची एकतीस वर्षं उलटली होती. सरकारी बँकेच्या भरतीचं वय निघून गेलं होतं. सिन्नरच्या कारखान्यातला साहेब म्हणाला, "या वयाचा शिकाऊ घेऊन काय करू?" मळ्यात झेंडू तेवढा उभा होता, आणि तो विकायला जागा नव्हती.

म्हणून या दसऱ्याला तो फटफटायच्या आत येऊन, झेंडूचा ढीग आणि तराजू समोर मांडून, मांडी घालून बसला. मागून पुंजा आणि त्याची बायको सिंधुबाई पाट्या घेऊन आले.

"या साहेब! हापिस इथं थाटलं का?" पुंजा म्हणाला. "ऊठ."

"जागा आईची आहे."

"व्हती. तू बुकं चाटत बसला तवाच गेली."

पहिली लाथ बरगडीत बसली. जीवन हलला नाही. दुसरी तोंडावर आली, दात हलला. उठलो की संपलं, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं दोन्ही हात जमिनीला टेकले. पुंजानं पाटीतलं दोन किलोचं वजन उचललं आणि त्याच्या डाव्या हातावर आदळलं. बोटं चिरडली. पुंजानं वजन पुन्हा उचललं.

तेव्हा मात्र जीवन उठला. तराजूची लोखंडी दांडी उजव्या हातात घेऊन त्यानं पुंजाच्या तोंडावर मारली, परत मारली. जबडा मोडल्याचा आवाज आला. पुंजा कोलमडला तो त्याच जागेवर, झेंडूच्या ढिगात. तोंडातलं रक्त फुलांवर सांडू लागलं.

माणसं धावली. "उचला त्याला, रिक्षा आणा!"

"हात नका लावू!" सिंधुबाई ओरडली. नवऱ्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि ती तिथंच बैठक मारून बसली. "जागेवर हाय तो."

मग आपली पाटी पुढं ओढून तिनं समोर थबकलेल्या बाईला विचारलं, "किती देऊ, ताई?"

बाईनं जीवनकडे पाहिलं. तो उभा होता.

"अर्धा किलो," ती हळूच म्हणाली.