डाव्या पंखाचा दिवा

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेला कागद तीन आठवडे सीमंतिनीच्या पर्समध्ये पडून होता. आज सांगू, उद्या सांगू करत बाईंनी तीन आठवडे काढले! पण सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? अकरा वर्षांच्या अंशुलला पायलट व्हायचं होतं, आणि पोराला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, असं त्या कागदावर लिहिलं होतं. सोमवारी सैनिकी शाळेचा फॉर्म भरायचा. म्हणजे उरला फक्त रविवार, आणि त्याच रविवारी अंशुलनं विमानांच्या म्यूझियमला जायचा हट्ट धरला.

तिथंच बाकावर बसवून शांतपणे सांगू, असं तिनं ठरवलं. नुसती मुलं आणि आपण. पण रिक्षा दारात आली तर मधुसूदनराव टोपी घालून, काठी घेऊन आधीच आत बसलेले!

मधुसूदनराव तिचे वडील. संस्कृतचे निवृत्त मास्तर, आई गेल्यापासून लेकीकडे दर्पण कॉलनीत राहायला आलेले. देवपूजा कडक आणि जीभ त्याहून कडक. सकाळी गणपतीला जास्वंद त्यांना लागायचीच. आपली नजर अधू झाली म्हणून फुलं तोडायचं काम त्यांनी अंशुलवर सोपवलं होतं, आणि रोजचं महाभारत तिथूनच सुरू व्हायचं. अंशुल दोन फुलं घेऊन यायचा. मग सात वर्षांची गरिमा जायची आणि त्याच झाडाची आठ-नऊ फुलं फ्रॉकमध्ये भरून आणायची.

आजही तेच झालं होतं. "लक्ष कुठं असतं रे तुझं? झाड फुलांनी लगडलंय आणि साहेब दोन घेऊन आले! असला धांदरट विमान काय उडवणार, कपाळ?" अंशुल मान खाली घालून ऐकत राहिला. बिचाऱ्याला स्वतःलाही वाटायचं, आपण धांदरटच आहोत.

सीमंतिनीला ते ऐकवेना, पण कागद अजून पर्समध्येच होता. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "तुमच्या वडिलांना हा दोष आहे का? हा आजोबांकडून आईमार्फत नातवाकडे येतो." तिनं फाडकन नाही म्हणून टाकलं होतं. बाबा आणि दोष! आई मात्र त्यांना टोमॅटो आणायला कधी पाठवायची नाही. "कच्चेच उचलून आणतात, लक्षच नसतं यांचं," म्हणायची, आणि सगळे हसायचे. गेले तीन आठवडे सीमंतिनीला ते टोमॅटो आठवत होते.

म्यूझियममध्ये रविवारची गर्दी होती. हवाई दलातून निवृत्त झालेले संग्रामसिंह मुलांना एका जुन्या लढाऊ विमानाभोवती फिरवत होते. उमदा माणूस, मिशीला पीळ. "बच्चे लोक, पंखांच्या टोकाला दिवे असतात. कुठल्या पंखावर कुठला रंग?"

"डाव्यावर लाल, उजव्यावर हिरवा!" अंशुल तडक म्हणाला. "समोरून बघितलं तर उलटं दिसतं."

"शाबास! हा तर रेडीमेड पायलट आहे!" टाळ्या पडल्या. मधुसूदनरावांची छाती फुगली. "आमचा नातू," ते शेजारच्या अनोळखी बाईंना सांगू लागले. सीमंतिनीनं पर्समधला कागद चाचपला. पोरानं पुस्तकातलं पाठ केलं होतं, डोळ्यांनी कुठं पाहिलं होतं?

संग्रामसिंहांनी टेबलावरचा एक सुटा दिवा उचलला. जुना, काचेवर धूळ बसलेला. बटण दाबून त्यांनी तो अंशुलसमोर धरला. "आणि हा कुठल्या पंखाचा, बेटा?"

आता डावं-उजवं काहीच नव्हतं. अंशुलनं डोळे बारीक केले, ओठ चावला. "उजव्या," तो म्हणाला. "हिरवा आहे ना."

मुलं खिदळली. "अरे भैया, लाल है!" गरिमा शाळेतल्या हिंदीत ओरडली. "इतना भी नहीं पता?"

सीमंतिनी पुढे झाली, पण त्याआधीच काठी फरशीवर आपटली.

"दात काय काढता?" मधुसूदनराव कडाडले. "पोरगा बरोबर सांगतोय! हिरवाच आहे दिवा! डोळे फुटलेत का तुमचे?"

संग्रामसिंहांनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडे, आणि हळूच बटण बंद केलं. अंशुलचा चेहरा मात्र खुलला होता. आजोबांनी त्याची बाजू घेतली, जन्मात पहिल्यांदा! मग त्यानं गरिमाकडे पाहिलं, मग आईकडे. पोरगं हुशार होतं.

"आई, लाल आहे ना तो?"

"हो रे."

बाहेर बाकावर बसून तिनं कागद काढला आणि सगळं सांगितलं. मधुसूदनरावांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. मग त्यांनी गरिमाला जवळ घेतलं. "आपल्या झाडावरची फुलं तुला कुठून दिसतात गं?"

"गेटपासून. लाल लाल, ढेर सारी!"

"मला हात लावेपर्यंत दिसत नाहीत," ते म्हणाले. "लहानपणीही दिसत नव्हती. लक्ष नाही म्हणून वडील वेताच्या छडीनं फोडून काढायचे मला. मला वाटायचं, लक्षच नसेल आपलं." त्यांनी अंशुलकडे पाहिलं. "आणि मी या लेकराला रोज सकाळी..."

अंशुल आईकडे बघत होता. "मतलब मैं पायलट नहीं बन सकता?"

सीमंतिनीनं तीन आठवडे उत्तर तयार केलं होतं. विमानं बनवता येतात, इंजिनियर होता येतं, बरंच काही.

"नाही, बाळा."

तो रडला नाही. उठला आणि आजोबांचा हात धरून ओढू लागला. "चला ना, तो दिवा मला परत बघायचाय."

संग्रामसिंहांनी काही न विचारता दिवा लावला. नातू आणि आजोबा त्याच्यासमोर वाकून उभे राहिले.

"आजोबा, खरं सांगा. तुम्हाला कसा दिसतो?"

मधुसूदनरावांनी खूप वेळ निरखून पाहिलं. "हिरवा," ते म्हणाले.

"मलापण," अंशुल म्हणाला, आणि आता कुठं त्याला रडू फुटलं.