दिसैसामींचा बाण

समुद्रदेवी कडलम्माच्या देवळासमोरच्या वाळूत त्या सकाळी एकोणचाळीस फोन ओळीने उताणे पडले होते. पूंगोडी टीचरने ते मोजले, कारण हात रिकामे असले की मोजत राहायचं ही तिची जुनी खोड होती. फोनांच्या मागे सगळं कोडिमुनै गाव उभं होतं: जाळी शिवणाऱ्या बाया, होड्यांवरचे बाप्ये, खांद्यावर पोरं घेतलेले म्हातारे. समोर सागवानी पाटावर दिसैसामी बसले होते. तमिळमध्ये दिसै म्हणजे दिशा. उजव्या हातात पितळी मुठीची काठी, ती मूठ नारळाएवढी.

गावाची पीडा अशी होती. फोनवरच्या नकाशात आपण कुठे आहोत ते बरोबर दिसायचं, पण होडी थांबली की आपलं तोंड कुठे आहे ते दाखवणारा निळा बाण भलतीकडेच वळायचा. दोन महिन्यांपासून हे चाललं होतं. त्यावर उतारा सामींकडे होता.

"काढ ते कातडं!" सामी एका तरुणावर डाफरले. "मेलेल्या जनावराची चामडी पांघरून दिशादेवता नांदेल होय रे?"

त्याने फोनचं झाकणवालं चामडी पाकीट घाईघाईने काढून टाकलं. वाळू आणि खारं पाणी शिरू नये म्हणून गावात प्रत्येकाने तेच पाकीट घेतलं होतं. त्याचं झाकण बोट न लावताच 'टक' करून मिटायचं, आणि पोरांना त्याचं फार कौतुक.

"आता याला समाधी." सामींनी फोन बंद केला, डोळे मिटले, काठी लांब उभ्या असलेल्या शिष्याच्या हाती दिली. "ऊठ, बाळा." फोन चालू केला. मग ओवाळल्यासारखा हवेत फिरवला, नागाच्या दोन वेटोळ्यांसारखा. एकदा, दोनदा, पाच वेळा. बाण थरथरला आणि नीट उभा राहिला.

"आहाऽ!" गर्दीतून श्वास सुटला.

"मोबाइल देवाला भितो बघ," कुणीतरी म्हणालं.

"देवाला नाही रे, सामींना. देवाला तर तूसुद्धा भीत नाहीस."

लोक हसले. पण लगेच गप्प झाले, कारण तेन्मोळी पुढे येत होती.

तेन्मोळी पूंगोडीच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ इळंगो आणि त्याचा जोडीदार कदिरवन सोमवारी पहाटे होडी घेऊन गेले होते. दुपारी पूंगोडीला इळंगोचा फोन आला: "अक्का, पंख्यात जाळ्याची दोरी गुरफटलीय. इंजिन बंद. वाहत चाललोय." तेवढंच. मग फोन लागेना. आज मंगळवार.

होडी हरवली की कोडिमुनैत कुणी मासेमारीला जात नाही. सगळ्या होड्या शोधाला निघतात, कुठे जायचं ते देवळासमोर ठरतं, आणि एकदा ठरलं की कुणी फाटे फोडत नाही. गस्तीची सरकारी बोटसुद्धा गाव सांगेल त्याच अंगाला जाणार होती.

तेन्मोळीने आपला फोन पाटावर ठेवला. पडद्यावर नकाशा, मधोमध निळा बाण. शेजारी इळंगोचा फोटो.

"जिवंत असेल तर बाण हलेल," सामी म्हणाले. "मेल्याला दिशा नसते, पोरी."

त्यांनी काठी परत मागून घेतली. मूठ फोनच्या भोवती हळूहळू फिरू लागली. बाण हलला. डावीकडे गेला, दचकला, मागे आला आणि किनाऱ्याच्या दक्षिण अंगाला तोंड करून थांबला.

"जिवंत आहे!" तेन्मोळी ओरडली आणि वाळूत बसली. बायांनी जिभा हलवून कुरवईचा मंगल गजर केला. पंचांनी हात वर केला: दक्षिण.

पूंगोडीच्या जवळच वेलायुदम तात्ता उभा होता. साठ वर्षं समुद्रावर काढलेला म्हातारा. तो पुटपुटला, "वारा पश्चिमेचा. पाण्याची ओढ आठ दिवस उत्तरेला. इंजिन बंद पडलेली होडी दक्षिणेला जाईल कशी?"

"मग सांगा ना, तात्ता."

"मी कोण सांगणार? बाण देवाचा, फोन शास्त्राचा. दोघं एकाच बाजूला बोट दाखवतात. माझ्याकडे नुसता नाकाला लागणारा वारा आहे."

पूंगोडी आठवीला विज्ञान शिकवत असे. पाण्याच्या वाडग्यात सुई तरंगवून आणि तिच्याभोवती चुंबक फिरवून सुई नाचते कशी, हे तिने दर वर्षी दाखवलं होतं. बाण काठीच्या मुठीमागून फिरत होता, हे तिने पाहिलं. तिला कळलं.

आणि ती बोलली नाही.

का नाही? याचं उत्तर तिच्याजवळ होतं, फक्त ते सांगण्यासारखं नव्हतं. बाण खोटा म्हटला, तर 'जिवंत आहे' हेही खोटंच ठरत होतं. शास्त्र शिकलेल्या बाईलाही एक दिवस त्या बाणावर टेकायचं होतं.

एकतीस होड्या दक्षिणेला गेल्या. संध्याकाळी रिकाम्या आल्या.

बुधवारी पुन्हा गर्दी. सामींना सकाळीच भेटीदाखल भलाथोरला वंजरम मासा मिळाला होता, त्यामुळे वाणी प्रसन्न होती. "दिशा बरोबर होती, अंतर कमी पडलं. श्रद्धा जेवढी लांब, तेवढी होडी लांब!" मूठ फिरली, बाण दक्षिणेला थांबला. पंचांचा हात वर जाऊ लागला.

"थांबा," पूंगोडी म्हणाली.

तिने पदराची पिन काढली, पाटापाशी गेली आणि पिन मुठीजवळ नेली. पिन चिमटीतून सुटली. खाली पडली नाही. उडून पितळेला चिकटली.

"पितळेला लोखंड चिकटत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्याइतकाच होता. "आत चुंबक आहे. लाउडस्पीकरमध्ये असतो तसला."

"टीचर, अपवित्र हात लावू नका!"

"हात नाही लावला, सामी. पिन लावली." तिने स्वतःचा फोन वाळूवर ठेवला. "तात्ता, ती काठी घ्या, आणि याच्याभोवती फिरवा. तुम्हाला मंत्र येत नाही ना?"

"मला शिव्या येतात फक्त."

"त्या चालतील."

सामी काठी सोडेनात, तेव्हा दोन दांडग्या पोरांनी ती सोडवून दिली. तात्ताने मूठ फिरवली. बाण उत्तरेला गेला, पूर्वेला गेला, देवळाकडे गेला, एका कुत्र्याकडे गेला. कुणी हसलं नाही.

पूंगोडीने थोडक्यात सांगितलं. आपण कुठे आहोत हे फोनला आकाशातल्या उपग्रहांकडून कळतं. पण थांबलेल्या फोनचं तोंड कुठे आहे, ते कळतं आतल्या इवल्याशा होकायंत्रावरून. त्याच्याजवळ चुंबक आला की ते फसतं. "तुमच्या पाकिटाचं झाकण टक करून मिटतं ना? त्यात चुंबकच आहे. म्हणून दोन महिने बाण भरकटतोय. पाकीट काढायचं, फोन बंद करून चालू करायचा आणि हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. होकायंत्र जागेवर येतं. फोन स्वतःच पडद्यावर तसं लिहून दाखवतो. सामींनी ते वाचलं. आपण वाचलं नाही, एवढाच फरक."

"म्हणजे सामींचा उतारा खरा होता!" मागून एक बाई म्हणाली.

"उतारा खरा होता, अम्मा. देव खोटा घातला त्यात. आणि काल काठी फिरवली ते तर सगळंच खोटं."

पंच उठले. कुणाकडेही न बघता म्हणाले, "तात्ता, कुठे जायचं?"

"उत्तर-पूर्व," तात्ता म्हणाला. "कालच जायचं होतं."

त्या दुपारी चाळीस मैलांवर होडी सापडली, उलटी. तिच्या बुडाला दोरीने स्वतःला बांधून कदिरवन पडला होता. ओठ फुटलेले, पण श्वास चालू. शेजारी दोरीचा दुसरा फास होता, रिकामा.

किनाऱ्यावर त्याला पाणी पाजलं. चमच्याने, थोडं थोडं. तेन्मोळी त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती.

"मंगळवारी संध्याकाळपर्यंत बोलत होता," कदिरवन म्हणाला. "म्हणायचा, वारा इकडचा आहे, आपली माणसं इकडेच येतील, तात्ता चुकायचा नाही. अंधार पडताना एक लाट आली."

मंगळवार. म्हणजे शोधाचा पहिला दिवस.

सामी संध्याकाळच्या बसने निघून गेले. गावाने त्यांना अडवलं नाही. चार दिवसांत नवी गोष्ट तयार झाली: टीचरने पिन लावून देवता बाटवली, म्हणून बाणाने इळंगोला सोडलं. ती सांगणाऱ्यांत, त्या दिवशी काठी सोडवणारा एक पोरगाही होता. तेन्मोळी अजून रोज देवळासमोर फोन उताणा ठेवून बसते. पाकीट काढून, आठचा आकडा फिरवून. बाण अगदी बरोबर, फोनचं तोंड असेल तिकडे काटेकोर. तो कुणाकडेच बोट दाखवत नाही.

एकदा ती मान वर न करता म्हणाली, "अक्का, तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"हो."

तेन्मोळीने फोनवरची वाळू पदराने पुसली. पूंगोडी तिच्याशेजारी वाळूत बसली.

सोमवारी तिने आठवीच्या वर्गात पाण्याचा वाडगा मांडला, सुई तरंगवली. शेजारी चुंबक नेला. सुई वळली. दर वर्षी पोरं इथे टाळ्या वाजवत. या वर्षी ती पहिल्या बाकावर बसलेल्या कदिरवनच्या मुलीकडे बघत होती.

"हे परीक्षेला येईल, ते सोडा," पूंगोडी म्हणाली. "एवढं लक्षात ठेवा. कुणी बाण दाखवला, तर बाणाच्या आसपास काय आहे ते बघा. मोठा माणूस असो, देवळाचं आवार असो, हातात फोन असो, विचारा: हे कशामुळे हलतंय? तुमचं माणूस समुद्रात असेल आणि उत्तर ऐकायची भीती वाटत असेल, तर आधी विचारा. आणि ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी बोला. दुसऱ्या दिवशी बोललेलं खरंसुद्धा उशिराचं असतं."

तिने चुंबक दूर नेला. सुई हळूहळू, कुणाची भीड न ठेवता, उत्तरेकडे वळली.