पहिल्या उकळीचं पाणी

सकाळी आमची स्लेज ओढणारी कुत्री दारू प्यायल्यासारखी झिंगत होती. सगळ्यांच्या पुढे धावणारा तुलुक उठायला जायचा नि मागच्या पायांवर बसकण मारायचा. माझ्या नवऱ्यानं, साकेउसनं, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि एकदा शेजारच्या गाबाच्या घराकडे.

"कच्चा शार्क चारलाय," तो म्हणाला. "कुणी, ते सांगायला नको."

गेल्या आठवड्यात गाबाच्या गळाला शार्क लागला होता, हे खरं. आमच्या खाडीच्या तळाशी, बर्फाखालच्या काळोखात तो अर्धआंधळा, आळशी मासा मजेत जगतो. त्या गारठ्यात, एवढ्या पाण्याच्या दाबाखाली तग धरायला त्याच्या मांसात काहीतरी मुरलेलं असतं, मुतासारख्या वासाचं. त्याला ते तारतं, कुत्र्यांना आडवं करतं. म्हणून आम्ही ते मांस तीनदा पाणी बदलून उकळतो, ते सगळं पाण्यात उतरलं की मगच कुत्र्यांना घालतो. त्या शार्कमधला मोठा तुकडा गाबानं आम्हालाही दिला होता. साकेउसला आता त्यातही डाव दिसत होता.

"आपली कुत्री पडली की हॅलिबट माशांच्या जागेवर आधी कोण पोचणार? काल तुलुकला कुरवाळत होता, पाहिलंस ना?"

पाहिलं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. गाबा कुत्र्यांशी जितकं गोड बोलतो, तितकं माणसांशी बोलत नाही.

पण गाबाशी वाकडं घेणं मला परवडणारं नव्हतं. थंडी सुरू होताना आमचा मुलगा उलोरिअक होडीसकट बुडाला. गाबाची बायको पाउलीना हिचे आता दिवस भरत आले होते, आणि बाळाला उलोरिअकचं नाव द्यायचं त्या दोघांनी कबूल केलं होतं. आमच्यात बाळाला नाव दिलं की गेलेला माणूस परत येतो. त्या पोटाकडे बघत मी सगळा हिवाळा काढला होता.

मी अडवेपर्यंत साकेउस डोक्यात राख घालून त्यांच्या दारात पोचला.

"मुक्या जनावरांवर उठलास? माझ्यासमोर ये की!"

"दादा, शुद्धीवर आहेस ना?" गाबा म्हणाला. "की कुत्र्यांबरोबर तूही काही खाल्लंस?"

"तोंड वर करून बोलू नकोस! असल्या दगाबाजाच्या घरात माझ्या पोराचं नाव नको. ऐकलंस, पाउलीना? नको!"

पाउलीनानं पोटावर हात धरला आणि दार लावून घेतलं. नवऱ्याचा इतका राग मला जन्मात आला नव्हता.

मी तडक कुत्र्यांकडे गेले. तुलुक पडल्या पडल्या बर्फ चाटत होता. पिवळट बर्फ. कुत्र्यांचं मूत म्हणावं, तर वर तेलाचा तवंग गोठलेला.

"साकेउस, काल शार्क उकळलास, त्याचं पहिलं पाणी कुठं ओतलंस?"

"कुठं म्हणजे? इथंच, शेडबाहेर."

"इथं? ते खाली किनाऱ्यावर नेऊन ओततात ना!"

"पण ते तर उलो—"

तो थांबला. इतकी वर्षं त्या पाण्याची बादली उलोरिअक न्यायचा. ती कुठं जाते, हे साकेउसला कधी बघावंच लागलं नव्हतं. तो बर्फात खाली बसला आणि रडायला लागला. पोराला शोधणं सोडून दिलं, त्या दिवशीही हा माणूस रडला नव्हता. मला त्याची दया आली, पण दंड धरून उठवलंच.

"नंतर रड. आधी चल."

गाबाच्या घरात त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. "माफ कर रे," म्हणाला.

"माझं सोड," गाबा म्हणाला. "मी उद्या विसरेन. ज्याला येऊ नको म्हणालास, त्याला सांग."

साकेउस पाउलीनाच्या पोटासमोर गुडघ्यांवर बसला.

"उलोरिअक," तो पुटपुटला. "बाबा चुकला. ये तू."

"मोठ्यानं," पाउलीना म्हणाली. "सकाळी केवढ्यानं ओरडला होतात, भाऊजी?"

मग तो ओरडला. अर्ध्या वस्तीला ऐकू गेलं.