जबड्याचं पोट

गोदामाच्या दारात जबडा थुंकला आणि बावीस वर्षांत झालं नव्हतं असं भांडण त्या दारात झालं.

थुंकला म्हणजे कुणाच्या अंगावर नाही. ठिणगी आबाच्या पोत्यातले वीसेक दाणे त्यानं नेहमीसारखे तोंडात टाकले, चावले, गव्हाचा चिवट गोळा झाल्यावर तो दोन बोटांत धरून ताणून पाहिला आणि मग गिळायच्या ऐवजी बाजूला वाकून थुंकला. वर चूळही भरली.

"हे काय केलंस?" आबा म्हणाला.

"आबा, डॉक्टरनं सांगितलंय."

"माझा गहू थुंकायला? मी तर त्या डॉक्टरला ओळखतसुद्धा नाही!"

ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावरची माती तापून भुगा झाली होती, वाऱ्याची झुळूक आली की भुसा डोळ्यांत जायचा. रांगेत चाळीस गाड्या उभ्या होत्या आणि चाळीस गाडीवाले खाली उतरून बघायला आले होते. उन्हात ताटकळलेल्या माणसाला भांडणाची सावलीसुद्धा पुरते.

आता यात एवढं चिडण्यासारखं काय, असं परक्याला वाटेल. पण जबड्याचं कामच ते होतं, नावही त्यावरूनच पडलेलं. गोदामाच्या दारात स्टुलावर बसायचं आणि येईल त्याचा गहू चावून प्रत सांगायची. गोळा वीतभर ताणला तर पहिली प्रत, चार बोटं ताणला तर दुसरी, लगेच तुटला तर तिसरी. आणि परीक्षा झाली की तो गोळा गिळायचा. ज्यानं वर्षभर राबून पिकवलं, त्याच्यासमोर त्याचं धान्य थुंकायचं नाही, हा नियम जबड्याच्या वडिलांनी घालून दिला होता. तेही त्याच स्टुलावर बसत. गिळलेल्या गव्हाची लाज वाटते म्हणा किंवा काही म्हणा, बावीस वर्षांत तिसरी प्रत जबड्यानं कुणालाच दिली नव्हती. गोळा तुटला तर तो म्हणायचा, "माझ्याच थुंकीत आज जोर नाही," आणि दुसरी प्रत द्यायचा.

या बावीस वर्षांत गाव गव्हावर पोसलं आणि जबडा वाळत गेला. गालफडं बसली, पाय काटक्या झाले, आणि मधे एकटा जबडा तेवढा व्यायामानं पोसलेला. हंगामात तर दिवसातून सात वेळा शेतात पळायचा. गाव म्हणायचं, बायको जेवायला घालत नाही. बायको बिचारी आणखी दोन पोळ्या वाढायची. त्यानं तो आणखी वाळायचा.

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं नळी घालून आतून पाहिलं आणि सांगितलं, "तुमच्या आतड्याला गहू चालत नाही. कधीच चालत नव्हता. गहू बंद, जव बंद. कणसुद्धा नाही."

"आणि चावून थुंकला तर?" जबड्यानं विचारलं.

"असं कोण करतं?" डॉक्टर म्हणाला.

तर असा सगळा मागचा मामला. इथं दारात आबाचा आवाज चढत चालला होता. "सगळ्यांचा गहू गिळलास बावीस वर्षं! माझ्या आजोबांच्या वेळचं वाण आहे हे. यानं बाधेल तुला?"

"सगळ्यांचाच बाधतो, आबा."

"बाकीच्यांचा बाधत असेल. त्यांचं खत बघ, त्यांचं पाणी बघ. माझा नाही बाधायचा."

मागचे एकोणचाळीस जण एका सुरात म्हणाले, बरोबर आहे, बाकीच्यांचा बाधत असेल.

जबडा भिडस्त. त्यानं आबाच्या डोळ्यांत पाहिलं, तिथं पाणी आलेलं दिसलं आणि तो विरघळला. पुन्हा मूठ भरली, चावली आणि सगळ्यांच्या देखत गिळली. आबानं मिशीवरून हात फिरवला. "बघा. काही झालं का?"

काही झालं नाही. तासाभरानं झालं. जबडा स्टुलावरून आधी कमरेत वाकला, मग गुडघ्यावर आला आणि मग गोदामाच्या दारात, चाळीस गाड्यांसमोर, जे व्हायचं ते वरून आणि खालून एकदमच झालं. त्याला खाटेवर घालून घरी नेलं. वाटेत खाटेचा एक पाय आबानं धरला होता, आणि तो सारखा म्हणत होता, "माझ्या आधी कुणाचा खाल्ला होता ते विचारा याला."

दुसऱ्या दिवशी गोदामाची बैठक झाली. चेअरमन स्वतः घरी आला, खुर्चीच्या कडेवर बसला. "जबडेराव, तुमचा मान आहेच. पण दारात असं होत राहिलं तर माल कोण घेईल?" एवढं बोलून जाताना तो स्टूल काखोटीला मारून घेऊन गेला.

स्टूल गेलं आणि जबड्याला कळेना की सकाळी उठून कुठल्या बाजूला चालायचं. भात होता, बटाटे होते, मक्याची पेज होती. बायकोनं भांडी वेगळी केली, चाळणी वेगळी केली, गव्हाचं पीठ घरातून हद्दपार केलं आणि स्वतःही सोडलं. पोट शांत झालं. पण पोटाच्या वर जो माणूस होता त्याला काही काम उरलं नाही.

"रिकामा बसून सुधारतोय मी," तो म्हणायचा.

"मग सुधारा की. कुणी अडवलंय?"

"अगं, पण ओळखतं कोण मला? काल दुकानात आबा 'कोण?' म्हणाला."

"आबाचा चष्मा फुटलाय."

"चष्मा फुटला तरी चेअरमनला बरोबर ओळखलं त्यानं."

स्टुलावर चेअरमनचा मेहुणा बसला. त्याची वरची कवळी होती. पहिल्याच पोत्याला गोळा कवळीला असा चिकटला, की ताणताना कवळी बाहेर आली. गोळा कवळीसकट दीड वीत भरला म्हणून मेहुण्यानं त्या मालाला पहिलीच्याही वरची प्रत दिली. गहू कसाबसा संपला.

मग मक्याचा हंगाम आला. कणसं वाळून खडखडायला लागली, वारा उलटा फिरला, आणि शहरातून एक मॅडम आली. तिचा बिस्किटांचा कारखाना होता. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठीच. तिच्या आठ वर्षांच्या मुलीलाही तोच आजार. "मका सगळा घेते," ती चेअरमनला म्हणाली. "पण त्यात गव्हाचा एक दाणा नको. आमच्याकडे यंत्रावर तपासणी होते. आठ दिवस लागतात. नापास झाला तर अख्खा ट्रक परत."

"एक दाणा?" चेअरमन हसला. "मॅडम, आमच्या गावात मक्यात दाणा सापडणार नाही गव्हाचा."

पहिला ट्रक दहाव्या दिवशी परत आला. दुसरा अकराव्या. प्रत्येक शेतकरी छातीवर हात ठेवून सांगत होता की माझा माल स्वच्छ, बाकीच्यांचं बघा. मॅडम म्हणाली, तिसरा परत गेला की मी दुसरं गाव बघते. मका उघड्यावर पडलेला, आभाळ कुठल्याही दिवशी फिरेल अशी हवा.

त्या दिवशी दुपारी चेअरमन पुन्हा जबड्याच्या घरी आला. काखेत स्टूल होतं.

"जबडेराव, यंत्राला आठ दिवस लागतात. तुम्हाला तासभर लागतो. सगळ्या गावानं पाहिलंय."

जबड्याचे डोळे चमकले. बायकोनं ते पाहिलं. चेअरमन अंगणाबाहेर पडताच ती म्हणाली, "गावाचा मका खाऊन पडायचं? यासाठी वेगळी चाळणी घेतली मी?"

"त्या पोरीच्या पोटात जाण्याआधी माझ्या पोटात गेलेलं बरं."

"तुमच्या पोटात कशाला? यांना ठाऊक असतं हो कुणाच्या पोत्यात काय आहे ते. कबूल करत नाहीत, एवढंच. मक्यात काय शोधता? तोंडावर शोधा. बावीस वर्षं तोंडं बघूनच तर प्रती दिल्यात."

हे शेवटचं जबड्याला लागलं. कारण खरं होतं.

तिनं त्याच्या सदऱ्याला दोन खोल खिसे शिवले. पोत्यातली मूठ उजव्या हातानं भरायची, तोंडाकडे नेल्यासारखं करून उजव्या खिशात सोडायची. डाव्या खिशात परसातला मका. तिनं स्वतः हातानं सोललेला, घरी भाजलेला. तो डाव्या हातानं तोंडात. मग तासभर स्टुलावर बसायचं, समोरच्या बाकड्यावर मालक. काही झालं नाही तर पोतं ट्रकमध्ये.

"हात चुकला," बायको म्हणाली, "तर मी खाटेचा पायसुद्धा धरणार नाही."

पहिल्या दिवशी सगळं गाव गोदामासमोर जमलं. जबडा स्टुलावर बसला. किती महिन्यांनी बूड त्या लाकडाला लागलं! पहिले तिघं मालक तासभर समोर बसले, डोळ्याला डोळा दिला, एकानं तर झोप काढली. तिघांचीही पोती ट्रकमध्ये चढली.

चौथा ठिणगी आबा.

आबाच्या पोत्यात जबड्यानं हात घातला, मूठ उजव्या खिशात गेली, डाव्या हातानं घरचा मका तोंडात गेला. चावला. गिळला. आबा बाकड्यावर बसला. पाच मिनिटं झाली.

"बरं वाटतंय ना?" आबानं विचारलं.

"वाटतंय."

दहा मिनिटं झाली. "पाणी देऊ?"

"नको."

"तुझा रंग उतरलाय का जरा?"

"ऊन आहे, आबा."

आता खरी गोष्ट अशी, की इतक्या महिन्यांत जबडा नऊ किलो भरला होता. सदऱ्याला खिसे नवे शिवले होते, पण विजार जुनीच, काटकुळ्या पायांच्या काळातली. बसून बसून तिची नाडी पोटाला काचायला लागली. शेवटी राहवेना, म्हणून त्यानं डोळे मिटले, दात आवळले, दोन्ही हात पोटाशी नेले आणि वाकून नाडीची गाठ सोडायला लागला.

आबा ताडकन उठला.

"थांब! थांब, धर स्वतःला! अरे, खाट आणा कुणीतरी!" तो गर्दीकडे वळला. "मळणीयंत्र झाडलं नाही मी! गहू काढला त्यावर आणि तसाच मका घातला! पोतीपण गव्हाचीच आहेत! मला वाटलं, एक-दोन दाण्यानं काय होतंय!"

जबड्याची गाठ सुटली, पोट मोकळं झालं आणि त्यानं समाधानाचा उसासा टाकला. आबाला तो शेवटचा वाटला.

"आबा," जबडा सरळ बसत म्हणाला, "हा माल नापास."

नापास! हा शब्द त्या स्टुलावरून दोन पिढ्यांत कुणी ऐकला नव्हता. जबडा स्वतःच दचकला. वाटलं, आता आबा पेटणार. पण आबानं त्याचा हात धरला. "नापासच. तू जिवंत आहेस ना?"

रांगेतल्या मागच्या नऊ जणांनी गाड्या गुपचूप वळवल्या. त्या दिवशी गावातली सगळी मळणीयंत्रं नळाखाली गेली, दात घासायच्या ब्रशनं कोपरे घासले गेले, आणि दुकानातली नवी पोती संध्याकाळपर्यंत संपली. ट्रक गेला. आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला: एक कणही नाही. पाठोपाठ बिस्किटांचं खोकं आलं. जबड्यानं बावीस वर्षांत पहिल्यांदा बिस्किट खाल्लं आणि शेतात पळाला नाही.

पण गाव आता वेगळ्याच काळजीत पडलं. जबड्याचे गाल भरत चालले होते. पूर्वी तो आजार लपवायला छाती काढून चालायचा, आता बायको सांगायची, "गोदामावरून जाताना जरा वाकून चला." तो खोकायचासुद्धा, पोटाच्या आजारात खोकला नसतो हे कुणाला ठाऊक! तरी कुजबुज वाढली. हा बरा झाला, तर मका कोण तपासणार?

म्हणून दवाखान्याच्या तारखेला चेअरमन आणि आबा दोघंही सोबत आले. डॉक्टरनं वजन केलं, कागद पाहिले आणि तो खूश झाला. "उत्तम! आतडं भरून येतंय."

चेअरमनचा चेहरा पडला. आबानं चाचरत विचारलं, "डॉक्टर, म्हणजे याला आता गहू चालेल?"

"नाही."

"थोड्या दिवसांनी?"

"नाही."

"पण पुढं-मागं, औषध वगैरे निघालं—"

"हे पाहा," डॉक्टर गंभीर झाला, "तुमचं प्रेम कळतं मला. पण उगाच खोटी आशा देणार नाही. यांना गहू जन्मात चालणार नाही."

चेअरमननं डॉक्टरचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. आबानं डोळे पुसले आणि जबड्याला मिठी मारली.

"ऐकलंस ना? जन्मात नाही!"

डॉक्टर आयुष्यभर सांगत राहिला, की इतक्या धीरानं वाईट बातमी ऐकणारं गाव त्यानं दुसरं पाहिलं नाही. जबड्यानं मात्र येताना बाजारात उतरून नवी विजार घेतली. दोन बोटं घट्ट होईल अशीच घेतली.